देसलेसाहेबांची मान

बायको पुढे आणि नवरा मागे, असं जोडपं सुरतेतल्या दिंडोलीच्या बाजारात मी पहिल्यांदा पाहिलं ते देसल्यांचं. आमच्या खान्देशात रीत उलटी. नवरा हात हलवत पुढे, बायको पिशव्या सांभाळत मागे. इथे काकू पुढे, आणि त्यांच्या मागे, जरा उजव्या अंगाला, पांढऱ्या मिशांचे उंचेपुरे देसलेसाहेब. तेही धड पुढे बघत नव्हते. मान वळवून एकदा डावीकडून मागे बघायचे, एकदा उजवीकडून, आणि म्हणायचे, "मागं मोकळं, लीडर."

काकू भेंडी मोडून बघता बघता म्हणायच्या, "बरं."

हे दोघं आमच्याच सोसायटीत राहायला आले तेव्हा मी बरेच तर्क लढवले. मानेचं काही दुखणं असेल म्हणावं, तर माणूस ठणठणीत. कोणी पाठलाग करत असेल म्हणावं, तर मागे फार तर एखादी गाय. आमच्या गल्लीतल्या बायांनी 'लीडर' एवढंच ऐकलं आणि काकू कुठल्या तरी पक्षाच्या पुढारी आहेत असं समजून तुंबलेल्या गटाराची तक्रार त्यांच्याकडे नेली. काकूंनी ती ऐकून घेतली, पालिकेच्या कचेरीत गेल्या आणि गटार खरोखर साफ झालं. काकू साहेबांशी, म्हणजे कचेरीतल्या साहेबांशी बोलत होत्या तेव्हा आमचे साहेब दाराकडे तोंड करून उभे होते म्हणे.

एकदा तर हा म्हातारा काकूंचा पाठलाग करतोय असं वाटून भाजीवालीने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "बेन, आ काका क्यारना तमारी पाछळ आवे छे."

"आववा दो," काकू म्हणाल्या, "ए मारा ज छे."

पुढे मला कळलं की साहेब हवाई दलात लढाऊ विमान चालवायचे आणि एकाहत्तरच्या लढाईत होते. यामुळे माझा गोंधळ कमी व्हायला हवा होता, तो वाढला. असा माणूस निवृत्तीनंतर पुण्यात बंगला बांधून गुलाब लावतो. हे इथे दोन खोल्यांत, शेजारच्या लूमच्या खडखडाटात कसे? आणि लढाईतल्या माणसाला निदान एक तरी गोष्ट सांगता यावी की नाही? मी पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये आयुष्य काढलं, कधी साधी लाठी उचलली नाही, तरी माझ्याकडे संपाच्या वेळच्या दोन गोष्टी आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय मी कोणालाही सोडत नाही.

शेवटी एकदा चहाच्या टपरीवर मी विचारलंच, "साहेब, किती विमानं पाडली?"

"एकही नाही."

"मग काय केलं?"

साहेबांनी टेबलावर दोन्ही पंजे पालथे धरले. डावा पुढे, उजवा जरा मागे. "हा लीडर. हा मी, नंबर दोन. लीडरने पुढे बघायचं, निशाणा बघायचा. मी त्याची पाठ राखायची. शत्रू येतो तो मागून, सूर्याच्या बाजूने, एवढासा ठिपका असतो. तो मला आधी दिसला पाहिजे. मागचा मागे बघतो, महाजन, म्हणून पुढच्याला पुढे बघता येतं."

"आणि मग?"

"मग काय? लीडर परत आला. रोज परत आला." त्यांनी पंजे उचलले आणि चहा प्यायला. गोष्ट संपली होती.

प्रजासत्ताक दिनाला सोसायटीने त्यांचा सत्कार ठेवला तेव्हाही तेच. शाल घेतली, माइकसमोर उभे राहिले, "लीडर परत आला. मीही आलो. जय हिंद," असं म्हणाले आणि खाली बसले. भाषण चांगलं लांबेल या हिशेबाने नाश्त्याचा लोचो नुकताच वाफेवर चढवला होता. सगळे एकमेकांकडे बघत बसून राहिलो.

सुरतेचं कोडं काकूंनी सोडवलं. "नोकरी होती तोवर मी यांच्या मागे फिरले. आसाम काय, पंजाब काय, घर लावायचं आणि मोडायचं. रिटायर झाल्या दिवशी हे म्हणाले, आता लीडर तू, नेशील तिकडे येतो. माझी बहीण इथे नवागामला. मग आणलं इथे." मूलबाळ नव्हतं, विचारायला दुसरं कोणी नव्हतं. "माणूस चांगला आहे हो," त्या म्हणाल्या, "फक्त मागे बघता बघता पुढे पडतो." लगेच त्यांनी साहेबांवर आवाज चढवला, "मांगे काय देखतस? तुमना पुढे खड्डा शे."

मागच्या थंडीत काकू गेल्या. आजारपण थोडक्यात आटोपलं.

मोठ्या रस्त्यावर शववाहिनी उभी होती. तिथवर खांद्यावरून न्यायचं ठरलं. नवागामच्या साडूंनी साहेबांच्या हातात विस्तवाचं मडकं दिलं. रीतच आहे, अग्नी देणाऱ्याने मडकं घेऊन तिरडीच्या पुढे चालायचं आणि मागे वळून बघायचं नाही. साहेबांनी मडकं घेतलं, पुढे जाऊन उभे राहिले आणि पाऊलच उचलेनात. मान वळली.

"मांगे देखानं नही, साहेब," साडू म्हणाले.

मान पुढे आली. पुन्हा वळली. खांदे देणारे अवघडले, कोणीतरी पाठीवर हात ठेवून त्यांना हलकेच पुढे ढकलू लागलं. मी जवळ गेलो. साहेब मला हळू आवाजात म्हणाले, "महाजन, मी पुढे गेलो तर तिच्या मागे कोण बघणार?"

एवढ्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदा कळला. "मी बघतो," मी म्हणालो. "तुम्ही चला."

मी तिरडीच्या मागे गेलो, जरा उजव्या अंगाला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मागे आमची गल्ली होती, दारांत उभ्या बाया होत्या. मी ओरडलो, "मागं मोकळं."

साहेब चालू लागले. मी थोड्या थोड्या वेळाने ओरडत राहिलो. लोकांना मी वेडा वाटलो असेन. साहेबांनी शववाहिनीपर्यंत एकदाही मान वळवली नाही.

अग्नी दिल्यावर स्मशानातून निघताना साडूंनी पुन्हा बजावलं, कोणी मागे बघू नका. सगळे माना सरळ ठेवून निघालो. फाटकापाशी आलो तेव्हा माझ्या मागे, उजव्या अंगाला, पावलं वाजली. मग ती थांबली. बराच वेळ थांबली.

रीत मोडून साहेब मागे बघत होते, हे मला न वळताही कळलं. मी वळलो नाही, पण पुढेही गेलो नाही.

पावलं पुन्हा वाजली आणि माझ्या मागे येऊन थांबली.

"मागं मोकळं," साहेब म्हणाले.

मी म्हणालो, "बरं."