सतरा नंबरची गाडी

ओहायोहून कोलोरॅडोपर्यंत तेराशे मैल, आणि वाटेत एकही मोठं शहर नाही! हा रस्ता मी स्वतः आखला. बत्तीस वर्षं टपाल वाटलंय, मला रस्ते कोण शिकवणार? तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले होते. माझी बायको लोरेन उभ्यानंच जेवत होती.

शनिवारी पाच वाजता डेन्व्हरपलीकडच्या डोंगरात आमच्या धाकट्याचं, वेन्डलचं लग्न. "एमेट, उशीर झाला तर जन्मात बोलणार नाही," असं लोरेननं निघतानाच बजावलं होतं.

पण काय प्रवास झाला म्हणून सांगू! दोन्ही बाजूंना मका, वर ढग, मध्ये आम्ही. तासन्‌तास समोरून कुणी नाही. एखादा शेतकरी यायचा, स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख द्यायचा आणि जायचा. मका डुलत होता, शेजारी लोरेन पेंगत होती. हा रस्ता संपूच नये असं मला वाटत होतं.

शनिवारी सकाळी लग्नाचे कपडे चढवूनच निघालो. मी सुटात, लोरेन पिसांच्या निळ्या हॅटमध्ये. दहाच्या सुमारास नेब्रास्कातल्या तीनशे वस्तीच्या एका गावात शिरलो, तर पुढे गाड्यांची रांग! एक बाई वही घेऊन धावत आली.

"किती उशीर! जुन्या गाड्यांत ना? मिरवणुकीत नंबर सतरा!" तिनं काचेवर कागद चिकटवलासुद्धा.

"बाई, ही गाडी जुनी नाही. एक्क्याण्णवची आहे!"

"तेच म्हणतेय मी!"

गावच्या मका उत्सवाची मिरवणूक होती. पुढे ट्रॅक्टर, मागे शाळेचा बँड, दोन्ही कडांना खुर्च्या टाकून बसलेलं अख्खं गाव. मी सारखं घड्याळ बघत होतो. लोरेन मात्र काच खाली करून हात हलवायला लागली!

"अगं, लग्न!"

"लोक एवढे प्रेमानं हात करतायत. आपण गप्प बसणं बरं दिसतं का?"

एकदाचं गाव संपलं. मी हुश्श करतोय तोच ट्रॅक्टर मागे वळला! गाव एवढंसं की मिरवणूक पाच मिनिटांत आटपते. मग बघणाऱ्यांचं मन भरावं म्हणून ती दोनदा काढतात! दुसऱ्या फेरीत पोरं "सतरा! सतरा!" ओरडत होती. ऊन कोवळं होतं, बँड बेसूर होता आणि माझा हात आपोआप वर गेला होता. खरं सांगतो, लग्न कुणाचं तेच क्षणभर विसरलो.

मग बक्षीस समारंभ. आम्हाला तिसरं! पोतंभर कणसं मिळाली. ती नाकारून निघणं आमच्याच्यानं झालं नाही. बारा वाजले.

"सरक तिकडे," लोरेन म्हणाली. तिनं स्टिअरिंग हातात घेतलं आणि गाडी हायवेनं थेट डेन्व्हरच्या पोटात घातली! मी डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा शहर मागे गेलं होतं आणि समोर डोंगर होते.

साडेचारला वेन्डल चर्चच्या दारात भेटला. "बाबा, डेन्व्हरला ट्रॅफिक लागला?"

"डेन्व्हरला कसला? तीनशे वस्तीच्या गावात लागला," लोरेन म्हणाली. मी घाईनं म्हणालो, "पण तिथं गाडीला तिसरं बक्षीस मिळालं!"

"अरे वा! जुन्या गाड्या होत्या तरी किती?"

मला खोकला आला.

"तीन," लोरेन म्हणाली.