सुभानजी टीकर यांनी गाठीचा वेढा राखिला, त्याची हकीकत

श्रीधन्वंतरी समर्थ. एका देहात क्षयाचा जंतू शिरला असता टी पेशींच्या फौजेने त्याशी कैसी झुंज दिली, हे स्वामींनी पुसिले; त्यावरून जे घडले ते पदरचे फारसे न घालता लिहितो. शालिवाहन शके १९४१, विकारीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मास. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण राज्य म्हणजे एका सभ्य गृहस्थांचा देह, आणि ते गृहस्थ अद्याप हयात असून सायंकाळी फिरावयास जातात.

त्या राज्यात टीकरांचे, म्हणजे टी पेशींचे, घराणे थोर. छातीत, हृदयाच्या वर, तालीमखाना आहे. तेथे पोरे घेतात आणि दोन गोष्टी पारखतात. जो आपल्याच रयतेवर हात टाकील तो बाद, आणि ज्यास शत्रूचे वस्त्र ओळखताच येत नाही तोही बाद. ऐसे शंभरांत दोन-तीन उरतात. त्यांत सुभानजी आणि त्याचा थोरला भाऊ निंबाजी एकाच हंगामात उतरले. प्रत्येकास एकाच शत्रूच्या वस्त्राची ओळख असते, दुसऱ्याची नसते. निंबाजीचा शत्रू लवकर आला, एक विषाणू, आणि तो यकृत प्रांती घरोघर शिरून बसला; त्याजवर निंबाजी अकरा वर्षे मोर्चा धरून होता. सुभानजीचा शत्रू येईचना. मग सुभानजी रक्ताच्या वाटांनी राज्यभर हिंडे, मिशांस पीळ देई, आणि पुसेल त्यास सांगे की आम्ही वेळेची वाट पाहतो.

हिंडता हिंडता एकदा यकृतात भावाची भेट जाहली. पाहतो तो निंबाजी चौकात बसून आहे, तलवार म्यानात, आणि छातीवर लगाम. राज्याचा कायदाच ऐसा की जो फार काळ लढतो त्यास लगाम घालावा. शत्रू समोरच्या घराच्या खिडकीतून डोकावत होता आणि निंबाजी त्याजकडे, शेजारी शेजाऱ्याकडे पाहतो तैसा, पाहत होता. सुभानजीस लाज वाटली. म्हणाला की दादा, लोक तुम्हांस थकला म्हणतात. निंबाजीने शांतपणे उत्तर केले, "थकलो हे खरे. पण शत्रू घरात आहे, आणि घर आपल्या रयतेचे आहे. सगळीच घरे जाळिली तर यकृत कोठून आणू?" सुभानजी निघाला आणि वाटेत मनाशी म्हणाला की भाऊ भ्याला.

इकडे मार्गशीर्षात गृहस्थ एका लग्नास गेले, आणि पंगतीत शेजारच्या पाहुण्यास खोकला होता. त्या खोकल्याबरोबर क्षयाचे जंतू उजव्या फुप्फुसात उतरले. तेथे ढेरे मंडळींची वस्ती. हे ढेरे म्हणजे महाभक्षक. आला शत्रू की गिळावा आणि पोटात जिरवावा, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यांचे वडील भिकाजी ढेरे यांनी नित्याप्रमाणे शत्रू गिळिले आणि ढेकर दिली. परंतु क्षयाच्या अंगावर मेणाचे कवच. तो जिरेना, उलट पोटातच बिऱ्हाड करून राहिला आणि सावकाश वाढू लागला. भिकाजी दोन दिवस पोट धरून बसले आणि म्हणाले, काही बाधले. मग गोमाजी हेर शत्रूच्या वस्त्राची चिंधी घेऊन लसिकाग्रंथीच्या चौकीकडे, जेथे शिलेदार जमतात तेथे, निघाले, ते सोळा दिवसांनी पोहोचले. उशीर का, ऐसे पुसता गोमाजी म्हणाले की शत्रूनेच वाटेत अडकवून ठेविले. ते खरेही होते, पण कोण्ही विश्वास ठेविला नाही. चिंधी दहा हजार शिलेदारांपुढे फिरली, सगळ्यांनी माना हलविल्या, आणि सुभानजीपुढे येताच त्याचे अंग थरारले. मग त्याने अन्न मागविले, फुगला, एकाचे दोन, दोनाचे चार, ऐसे पाच-सहा दिवसांत हजारो सुभानजी जाहले, सगळ्यांच्या मिशा सारख्या, आणि सगळे आपणच मूळचे म्हणू लागले. मूळचा कोण हा तंटा वाटेतच टाकून फौज फुप्फुसात उतरली.

सुभानजीने भिकाजींच्या कानी जोराचा खलिता वाचिला. त्या खलित्याचा गुण ऐसा की ढेऱ्यांच्या पोटात आग पेटते. पुष्कळ शत्रू जळाले. जे उरले त्यांच्या भोवती ढेरे अंगास अंग लावून उभे राहिले आणि त्याबाहेर टीकर उभे राहिले, ऐसी गाठ बांधून वेढा घातला. महिना गेला, वर्ष गेले. आत शत्रू झोप घेई, बाहेर सुभानजी उभा. मग कायद्याप्रमाणे त्याच्याही छातीवर लगाम आला. त्याने बहुत संताप केला आणि भिकाजींस म्हणाला की या लगामापायी आम्ही भावासारखे होऊ. भिकाजी म्हणाले, व्हा की.

शके १९४३, प्लवनाम संवत्सरी, गृहस्थांच्या पाठीवर एक काळी गाठ धरली. ती वाईट, अर्बुदाची, म्हणजे कर्करोगाची. वैद्यराजांनी तीजवर नवे औषध नळीतून सोडिले. त्या औषधाचे काम शिलेदारांचे लगाम उतरविणे, म्हणजे ते अर्बुदावर तुटून पडतील. परंतु औषध सर्व राज्यात वाहते. त्याने लगाम सर्वांचेच उतरविले. यकृतात निंबाजीचा उतरला. त्याने उठून तलवार पुसली, घर पाहून घाव घातला, एक घर, मग दुसरे, आणि तीन महिन्यांत अर्धा विषाणू मारून काढिला. फुप्फुसात सुभानजीचा उतरला, तो तैसा वागला नाही. दोन वर्षांचा राग एकदम उठला, आणि सर्व सुभानजी आरोळी देऊन वेढ्यावर चालून गेले. खलित्यांवर खलिते, आगीवर आग, आणि शत्रूपेक्षा ढेरेच जास्त मरू लागले. गाठ मधून सडली. गृहस्थांस ताप भरला, आणि खोकल्यात रक्त दिसले.

सुभानजी आघाडीस होता. घाव घालावयास हात उचलिला आणि पाहिले तो समोर भिकाजी, अंगाचे कातडे जागोजाग विरलेले, दोन्ही हातांनी पोट घट्ट धरून. भिकाजी म्हणाले, "सुभानराव, मारा हवे तर. पण माझ्या पोटात अजून साडेतीनशे आहेत. मी फुटलो की ते सुटले." सुभानजीचा हात वरच राहिला. तेव्हा त्यास यकृताचा चौक आठवला, आणि आपण भावास काय म्हणालो तेही आठवले. लगाम तर नव्हता; आवरणारे दुसरे कोण्ही नव्हते. मग त्याने तलवार म्यान केली, भिकाजींच्या पाठीशी पाठ लाविली आणि आपल्याच फौजेकडे तोंड करून उभा राहिला. समोरून शेकडो सुभानजी आले, त्यांनी पुसिले की तू कोण अडविणारा. हा म्हणाला, मूळचा. ते ऐकून त्यांत पुन्हा जुना तंटा माजला, आणि त्या तंट्यात दोन दिवस निघाले.

त्या दोन दिवसांत वैद्यराजांनी छातीचे चित्र काढिले, कपाळास हात लाविला, नळीचे औषध थांबविले आणि क्षयावर चार गोळ्यांची फौज रवाना केली. गोळ्या सहा मास रोज आल्या, एक दिवस चुकला नाही. गृहस्थांच्या पत्नी समोर उभ्या राहून घेववीत असत. पोटातले साडेतीनशे पोटातच मेले. भिकाजी मात्र वाचले नाहीत. चौथ्या महिन्यात, शेवटचा शत्रू जिरल्यावर, ढेकर देऊन गेले. सुभानजीने त्यांचे पोट आपल्या हाताने झाकिले. अर्बुद आधीच्या औषधानेच आटले होते, ते वैद्यांनी कापून काढिले.

पुढे फौज पांगली, बहुतेक सुभानजी कामास आले, थोडे पहाऱ्यास राहिले. त्यांतला एक, भिकाजींच्या पाठीशी राहिलेला तोच, रक्ताच्या वाटेने यकृतास गेला आणि निंबाजीपुढे उभा राहिला. सुभानजी म्हणाला, "दादा, मी तुम्हांस भ्याड समजलो होतो." निंबाजी म्हणाले की ठाऊक होते, आणि सरकून त्यास ओट्यावर बसावयास जागा दिली.

तात्पर्य इतकेच की त्या राज्यात एकाचा लगाम सुटला तेणे प्रांत वाचला आणि दुसऱ्याचा सुटला तेणे बुडत होता, आणि लगाम दोन्हींकडे एकच होता. याचा निवाडा वैद्य करतात, अजून जाहला नाही. लिहिणाराने दोघां भावांस एका ओट्यावर बसलेले पाहिले, तितके लिहिले. लेखनसीमा.