निखळणारा खांदा

जालिंदर आबाने मला फसवलं. स्वतःचा उजवा खांदा गुपचूप दुरुस्त करून घेतला आणि भागीदाराला पत्ता लागू दिला नाही. खांदा त्याचा होता, हे मान्य. पण त्यावर धंदा दोघांचा चालत होता.

आम्ही दुभत्या गायींचा व्यापार करतो. नगरकडच्या कर्जतजवळ आमच्या वस्त्या, मध्ये दोन बांध. बोलणं माझं, हात आबाचा. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात. भाव पटला नाही की समोरचा हाताला हिसका देतो. त्या हिसक्याने आबाचा खांदा निखळायचा. पूर्वी एका खोंडाने कासऱ्यासकट ओढला होता, तेव्हापासूनची ती खोड.

आबा ओरडायचा नाही. "पाव्हणं निघालं," एवढंच म्हणायचा. मग टेम्पोत पालथा पडायचा, हात मागच्या फाळक्यावरून खाली सोडायचा आणि त्याला पाण्याची बादली अडकवून घ्यायचा. "च्या सांगा. बिनसाखरेचा."

गाय विकणारा पांढराफटक. "म्या काय जोरात वढला न्हाई वं."

"आसू द्या," आबा पालथ्यानेच म्हणायचा. "गरिबाचा हात. त्याचं काय येवढं."

तेवढ्यात मी भाव सांगून टाकायचो. कट् करून खांदा बसेपर्यंत गाय आमची झालेली असायची.

एकदा विचारलं, दुखतं का. म्हणाला, "दुखतं. पर तुझ्या बोलण्याइतकं न्हाई."

उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "कांजिण्या आल्यात. वस्तीवर पाय ठिवू नको." मला लहानपणी कांजिण्या झालेल्या नाहीत. मी बांधाकडेही फिरकलो नाही. कांजिण्या उतरल्यावर अशक्तपणा आला. आबा भेटायचा, बोलायचा, पण बाजाराचं नाव काढलं की त्याला घेरी यायची. सगळे बाजार मी एकट्याने केले आणि वाईट केले.

गेल्या शनिवारी तो एकदाचा काष्टीच्या बाजारात आला. गाय चांगली होती, मालक चिवट. त्याने हिसका दिला. मी तोंड पाडून तयारच होतो. काही झालं नाही. त्याने दुसरा हिसका दिला.

"निघंना, शेठ," आबा मला म्हणाला.

"काय निघंना?" मालकाने विचारलं, आणि गाय घेऊन चालता झाला.

चहाच्या टपरीवर आबाने सदऱ्याची बटणं सोडली. खांद्यावर बाभळीचा काटा रुतून गेल्यासारखे बारीक डाग. बाकी काही नाही.

"येवढ्या भोकातून?"

"दुर्बीण घालत्यात. नगरला केलं. खांद्याच्या वाटीची कड फाटल्याली. जितक्यांदा निघंल, तितकी जादा फाटती म्हनला डाक्टर. दोऱ्यानं शिवली, गोणीचं तोंड शिवावं तशी. मग हात गळ्यात बांधून घरी."

"आणि कांजिण्या?"

"त्या आल्याच न्हाईत."

मी चहा तसाच ठेवून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी भागीदारी मोडायला त्याच्या वस्तीवर गेलो. आबाच्या बायकोला, वहिनींना, गेल्या वर्षी लकवा झाला, हे मला ठाऊक होतं. त्यांना बाजेवरून उचलावं लागतं, हे नव्हतं. आबा वाकला होता. वहिनींनी चांगला हात त्याच्या मानेत घातला होता आणि डोळे गच्च मिटले होते.

"निघायचा न्हाई ना?" त्यांनी अडखळत विचारलं.

"न्हाई. शिवलाय."

त्याने त्यांना उचलून अंगणात उन्हाला खुर्चीवर ठेवलं. पदर नीट केला. मग मी दिसलो.

"मागं एकदा उचलताना निघाला," तो हळू आवाजात म्हणाला. "खाली पडली ती. तवापासनं हातच लावू देईना. पत्र्याकडं बघत पडायची दिसभर."

"मला सांगायचं."

"तू म्हनला आसतास, येवढे बाजार हू दे."

मी काय म्हणालो असतो, ते मी ठरवणार. आबाने का ठरवावं? ते जाऊ दे. भागीदारीचं मी बोललोच नाही. पण हात गळ्यात असताना वहिनींची कूस कोण बदलत होतं? त्यांना न्हाणीपर्यंत कोण नेत होतं? लेक संगमनेरला, तिला कळवलं नाही. दोन बांधांपलीकडे मी आणि माझी बायको, दोघं धडधाकट, दार लावून बसलो होतो, आणि हा गडी एका हाताने सगळं करत होता. आम्ही कोणीच नव्हतो का? आबा, याचा जाब मला पाहिजे. बाजाराचा नको, याचा दे.