मोंतेसोर्दोचा पायगुण

"मोंतेसोर्दो जिंकलं का हो?" दार उघडताच वसुंधरेनं विचारलं. पाणी नाही, चहा नाही, आधी मोंतेसोर्दो.

"हरलं," बूट काढता काढता गजेंद्र म्हणाला.

"मेल्यांना दुसरं काही येतं का?"

आता मस्कतला बौशरच्या फ्लॅटात राहणाऱ्या, मूळच्या सहकारनगरच्या बाईला इटलीतल्या कुठल्याशा डोंगरगावच्या फुटबॉल क्लबाची एवढी काळजी का पडावी? तर याला कारण एकच, तिच्या नवऱ्याची जीभ.

गजेंद्रच्या कंपनीत फाउस्तो नावाचे इटालियन साहेब नवे आले होते. कंपनी पाइपलाइनी टाकायची आणि तिची नवी साइट हैमाच्याही पलीकडे, भर वाळवंटात उघडणार होती. तिथे दोन वर्षांसाठी एका इंजिनियरला पाठवायचं होतं. नावं दोनच, गजेंद्र किंवा कौशिक. इकडे रेवाची दहावी. शिवाय वसुंधरेनं निक्षून सांगितलं होतं, "मी त्या वाळूत पाय ठेवणार नाही. हळदीकुंकवाला कुणाला बोलावू, उंटांना?"

म्हणजे साहेबांची मर्जी राखणं आलं. एका सकाळी पँट्रीत साहेबांच्या हातात पिवळा-तपकिरी मग होता आणि त्यावर कसलंसं चिन्ह. गजेंद्रनं त्यावरचं नाव वाचलं आणि दिलं ठोकून, "सर! मोंतेसोर्दो! माय फेव्हरेट क्लब!"

साहेबांनी मग खाली ठेवला. या क्लबाचा चाहता त्यांना गावाबाहेर जन्मात भेटला नव्हता. गावातही फारसे नव्हतेच. त्यांनी गजेंद्रला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले. चहाची पिशवी हातात धरून कौशिक हे बघत होता. त्याचा चेहरा कडू झाला.

त्या दिवसापासून गजेंद्रचा डबा रोज गार होऊ लागला, कारण जेवणाच्या सुट्टीत साहेब क्लबाचा इतिहास सांगत. काय तो इतिहास! गावचा पाद्री आणि गावचा खाटीक यांनी मिळून क्लब काढला आणि नंतर मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. युद्धात थंडी पडली तेव्हा गावकऱ्यांनी गोलचे खांब जाळून शेकोटी केली. युद्ध संपल्यावर एकदाच, चुकून, क्लब वरच्या विभागात चढला. त्या वर्षीचा फोटो अजून चर्चमध्ये संतांच्या शेजारी टांगलेला आहे म्हणे. पुढच्याच वर्षी खाली आला तो आजतागायत इटालियन फुटबॉलच्या उतरंडीत तळाजवळच. दिवाळं दोनदा वाजलं. पहिल्या वेळी अध्यक्ष तिजोरी आणि प्रशिक्षकाची बायको घेऊन पळाला. दुसऱ्या वेळी अध्यक्ष पळाला नाही, कारण न्यायला काही उरलंच नव्हतं. मैदान नदीकाठी, हिवाळ्यात अर्धं पाण्याखाली. आणि गोलकीपर? तो गावचा प्लंबर! कुणाचा नळ फुटला तर मध्यंतरात जाऊन दुरुस्त करून येणार.

"आणि आम्ही ह्यांच्या नावानं जीव टाकायचा!" गजेंद्र घरी येऊन कपाळ बडवायचा. पण इतिहास मात्र त्याला असा पाठ झाला की रेवा म्हणाली, "बाबा, माझ्या हिस्टरीच्या एक्झामला तुम्हीच बसा ना."

तिकडच्या मॅचेस रविवारी. मस्कतमध्ये रविवार म्हणजे कामाचा दिवस. साहेब केबिनचं दार लावून लॅपटॉपसमोर बसत. गजेंद्रनं चाहतेपण जाहीर केलं, त्याच रविवारी अघटित घडलं. मोंतेसोर्दो जिंकलं.

इथे शहाण्या माणसानं गप्प बसावं. पण गजेंद्र कसला गप्प बसतोय! त्यानं साहेबांना इंग्रजीतून पायगुण समजावला. "सर, आमच्यात नवी सून घरात आली आणि घराची भरभराट झाली, तर म्हणतात तिचा पायगुण चांगला. मी क्लबात आलो आणि..."

साहेबांनी खिशातून लाल शिंगाचा ताईत काढला, त्याचं चुंबन घेतलं आणि गजेंद्रच्या पायांकडे असं बघितलं की जणू तिथे नमस्कारच घालणार आहेत. "तू कुठेही जायचं नाहीस," ते म्हणाले. "साइटवर कौशिक जाईल."

त्या दिवशी घरी शिरा झाला, चांगला बदाम घालून.

आणि मग मोंतेसोर्दोनं हरायला सुरुवात केली. घरी हरलं, बाहेर हरलं, एकदा तर समोरच्या संघाचे दोघे मैदानाबाहेर काढले तरीही हरलं. विभागातून आणखी खाली घसरायची वेळ आली. साहेब आता गजेंद्रच्या बुटांकडे बघत, पण नजरेत नमस्कार नव्हता.

"वसू, देव पाण्यात ठेव गं," गजेंद्र रडकुंडीला आला.

"काय म्हणालात? माझी अन्नपूर्णा त्या प्लंबरासाठी बुडवू? जीभ तुमची, निस्तरा तुम्ही!"

अशात नव्या साइटवर पंप बसवताना काहीतरी बिघडलं. कौशिक अजून रुजू व्हायचा होता, म्हणून एका दिवसापुरता गजेंद्र गेला. कंपनीचा ड्रायव्हर जहूर त्याला घेऊन गेला. रविवार होता. मोंतेसोर्दो जिंकलं. गजेंद्र परत आला, पुढच्या रविवारी हरलं. पंप पुन्हा बिघडला, गजेंद्र पुन्हा गेला. पुन्हा जिंकलं.

साहेबांच्या हे लक्षात आलंही नसतं. पण कौशिक कशाला आहे? तो केबिनमध्ये जाऊन अगदी साळसूदपणे म्हणाला, "सर, मीही मराठीच आहे. पायगुण असा हवेत नसतो. पाय कुठे पडतो त्यावर असतं सगळं. सून माहेरी बसून राहिली, तर सासरची भरभराट होईल का?"

"अरे गद्दारा!" हे ऐकून गजेंद्र पँट्रीत ओरडला. "एका डब्यातलं खाल्लं आपण!"

"शिकवलं कुणी साहेबांना? मी का?" कौशिक चहा ढवळत म्हणाला. "यल्ला, चला, बॅग भरा."

साहेबांनी निकाल दिला तो असा. हंगामातली शेवटची मॅच. बरोबरी झाली तरी क्लब वाचतो, हरला तर खाली घसरतो. गजेंद्रनं त्या दिवशी साइटवर असायचं. क्लब वाचला तर पायगुण सिद्ध, मग दोन वर्षं तिथेच. "तू खरा चाहता आहेस ना?" साहेबांनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं. आता काय सांगणार, कप्पाळ?

घरी येऊन त्यानं हे सांगितलं. वसुंधरा तडक देवघराशी गेली, अन्नपूर्णा उचलली, बाळकृष्ण उचलला आणि दोघांना तांब्याच्या घंगाळात ठेवलं.

"देवा, त्यांना हरव रे बाबा," ती हात जोडून म्हणाली. "नाहीतरी त्यांना सवयच आहे."

रविवारी गजेंद्र साइटवरच्या केबिनमध्ये बसला होता. बाहेर वाळू, वाळू आणि थोडी आणखी वाळू. मोबाइल टेबलावर आणि त्यातून मस्कतहून साहेबांचं ओरडणं. जहूर शेजारी खजूर खात होता.

"साब, आपकी टीम कौन सी है?"

"आज हारनेवाली," गजेंद्र म्हणाला.

मॅच गोलशून्य. मध्यंतर झालं. सुदैवानं गावात कुणाचा नळ फुटला नाही. शेवटची मिनिटं आली आणि तिकडून साहेबांनी हंबरडा फोडला. समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली होती!

गजेंद्रनं सुटकेचा श्वास सोडला. संपलं. खलास. आता रेवाची दहावी, बौशरचा फ्लॅट, सगळं सुखरूप. पाद्री आणि खाटीक, जाळलेले खांब, चर्चमधला तो एकुलता फोटो, सगळं गेलं खड्ड्यात. तो बिचारा प्लंबर आता भिजलेल्या मैदानात एकटा उभा असेल, हात पसरून. गजेंद्रनं मोबाइल कानाला लावला. जहूरनं खजूर खाणं थांबवलं.

मग साहेबांची किंकाळी आली. प्लंबरनं बॉल अडवला होता! शिट्टी वाजली, मॅच संपली, क्लब वाचला!

"अडवला! अडवला रे माझ्या वाघानं!" गजेंद्र खुर्चीवर चढला. जहूरला मिठी मारून त्यानं त्याच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. बाहेरचे मजूर धावत आले, त्यांना वाटलं इंजिनियरला विंचू चावला. गजेंद्रच्या डोळ्यांना धार लागली होती. तशाच भरात त्यानं घरी फोन लावला.

"वसू! वाचलो गं! आपण वाचलो!"

"खरंच? म्हणजे हरले ना मेले? येताय ना घरी?"

आता कुठे गजेंद्र खुर्चीवरून खाली उतरला. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. वाळू होती तशीच होती.

"आपण म्हणजे... मोंतेसोर्दो," तो पुटपुटला.

फोनवरून घंगाळातलं पाणी ओतल्याचा आवाज आला.

"बरं झालं," वसुंधरा म्हणाली. "मग आता त्या अकरा जणांनाच बोलवा तिथे पोळ्या लाटायला. मी देव पुसून ठेवते."

फोन बंद झाला. गजेंद्र हळूच जहूरकडे वळून म्हणाला, "जहूरभाई, यहाँ संडे को नेट ठीक चलता है क्या?"