आर्लिसबाईंची बिननावी चिठ्ठी

आल्मविक गावच्या लुथरन चर्चचं स्वयंपाकघर आर्लिस ट्वेटनबाईंच्या हातात एकतीस वर्षं होतं, आणि तिथे त्यांच्या शब्दाबाहेर बटाटासुद्धा उकळत नसे! तेव्हा निवडणुकीला दहा दिवस उरले असताना त्यांनी नवऱ्याला अगदी सहज सांगून टाकलं, "मी वेन्डेलला घरी बसवणार आहे. दहा दिवस पुष्कळ झाले."

नवरा डेल्मर आरामखुर्चीत पाय वर करून पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली केला नाही. "बत्तीस वर्षं कोणाला जमलं नाही ते," एवढंच तो म्हणाला.

वेन्डेल हॉग्रुड हा त्या भागातून राज्याच्या सेनेटवर निवडून जाणारा माणूस. बत्तीस वर्षांत त्याच्यासमोर कोणी टिकलं नव्हतं. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही, आणि हीच तर खरी पंचाईत! तो मयताला यायचा, बारशाला यायचा, तुमच्या कुत्र्याचं नाव त्याच्या लक्षात असायचं. फक्त काम तेवढं व्हायचं नाही. स्टोनी नदीवरचा पूल नऊ वर्षांपासून बंद होता. दर निवडणुकीला वेन्डेल डोक्यावर पिवळं शिरस्त्राण घालून पुलावर यायचा, फोटोवाला बरोबर असायचा, पुलाची पाहणी व्हायची आणि पूल होता तसाच राहायचा. पाहण्या इतक्या झाल्या होत्या, की मुलगी असती तर एव्हाना लग्न जमलं असतं.

आर्लिसबाईंना या पुलाचं दुखणं होतं, कारण पलीकडच्या काठावर त्यांची बहीण लव्हॉन राहत होती. पूल चालू असताना चालत दहा मिनिटं. आता वळसा घालून तेवीस मैल. लव्हॉनला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, तिची गाडी केव्हाच बंद झाली होती, आणि पुढच्या वर्षी तुम्हीही गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी आर्लिसबाईंना बजावलं होतं. मग दोघी बहिणींनी काय नदीच्या दोन काठांवर बसून एकमेकींच्या धुराड्याकडे बघत म्हातारं व्हायचं? या विचाराने त्यांना रात्र रात्र झोप लागत नसे.

वेन्डेलसमोर उभी होती जनेल ब्रेके, गावातली गुरांची डॉक्टर. तिला निवडून आणायचं तर लोकांना वेन्डेलबद्दल चार शब्द सांगायला हवेत. पण आल्मविकमध्ये कोणाचं नाव घेऊन वाईट बोलणं म्हणजे चर्चमध्ये टोपी घालून बसण्यासारखं. म्हणून आर्लिसबाईंनी एक चिठ्ठी लिहिली आणि तिच्यात नाव मुळीच घातलं नाही. शहाण्याला शब्दाचा मार, म्हणाल्या.

चिठ्ठीत होतं: "माणूस आपलाच आहे आणि मनाने चांगला आहे. पण एकाच खुर्चीत इतकी वर्षं बसलं, की खुर्चीला माणसाचा आकार येतो आणि मग दुसऱ्या कोणाला तिथे बसता येत नाही. आता त्यांचे मनापासून आभार मानू या आणि त्यांना मोकळं करू या."

कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नाही, हाही तिथला नेम. बाईंनी दोन दिवस खपून खजुराच्या वड्या केल्या, चाळीस ताटल्या भरल्या आणि प्रत्येक ताटलीवर एकेक चिठ्ठी ठेवून गावभर वाटल्या. ताटल्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर त्यांचं नाव होतंच. संध्याकाळी पाय चेपत त्या डेल्मरला म्हणाल्या, "बघच आता काय होतं ते."

व्हायला लगेच सुरुवात झाली. सकाळी बघतात तो डेल्मर स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर बसून कॉफी पितोय आणि आरामखुर्ची रिकामी!

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," डेल्मर म्हणाला. "चिठ्ठी वाचली मी. तोंडावर सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

तू नव्हेस रे बाबा, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. तो हं हं करत राहिला आणि स्टुलावरून काही उठला नाही.

तिसऱ्या दिवसापासून ताटल्या परत यायला लागल्या. तिकडे ताटली रिकामी परत करत नाहीत. सगळ्यात आधी पाद्री स्टेनरुड आले. त्यांनी ताटलीवर मुरंब्याची बाटली आणली होती आणि बाटलीखाली राजीनामा. सत्तावीस वर्षं झाली मला, म्हणाले, लोकांना कंटाळा येणारच. बाई घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. "अहो, ते तुमच्याबद्दल नव्हतं!" पाद्रीबुवा मायेने हसले आणि त्यांचा हात थोपटत म्हणाले, "तू दुसरं काय म्हणणार, आर्लिस."

दुपारी गॉर्डी नेसवोल्ड आला. हा अग्निशमन दलाचा प्रमुख. त्याने धुरावलेला मासा आणला आणि त्याच्या शेजारी बंबाच्या किल्ल्या ठेवल्या. संध्याकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या एनिडबाई लोणच्याची बरणी आणि ऑर्गन वाजवतानाचे बूट ठेवून, रुमाल डोळ्यांना लावून निघून गेल्या. 'तुम्ही मलाच म्हणताय का?' असं सरळ विचारायचीही तिथे रीत नाही ना! प्रत्येकाने चिठ्ठी वाचली, आपली वर्षं मोजली आणि आपलंच नाव तिच्यात भरलं.

शुक्रवारपर्यंत बाईंच्या टेबलावर चार राजीनामे, तीन किल्ल्यांचे जुडगे आणि सहा जणांना वर्षभर पुरेल एवढा मुरंबा जमला. डेल्मर स्टुलावरूनच म्हणाला, "बंब आता आपल्याकडे आहे. आग लागली तर लोक तुला फोन करतील, तेवढं लक्षात ठेव."

आर्लिसबाईंना रडू फुटलं. गावातली कामाची माणसं एकेक करून घरी बसत होती, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो वेन्डेल तेवढा जागचा हलला नव्हता. मंगळवारी मतदान! पूल गेला, बहीण गेली आणि वर गावही बुडवलं आपण, असं त्यांना वाटायला लागलं.

शनिवारी चर्चमध्ये वर्षाचं मासळीचं जेवण होतं. सुकी मासळी खारात भिजवून लिबलिबीत करायची, उकडायची आणि लोण्यात बुडवून गिळायची. ती आवडते असं सगळे म्हणतात. वेन्डेल या जेवणाला बत्तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. या वेळीही आला, दोनदा वाढून घेतलं आणि उठून उभा राहिला.

गावात एक चिठ्ठी फिरतेय ती मी वाचली, म्हणाला, आणि मला ती मनापासून पटली. काही लोक खुर्ची सोडायचं नावच घेत नाहीत. आपण धीट व्हायला हवं, नव्या रक्ताला वाव द्यायला हवा. आणि हो, मंगळवारी मला विसरू नका!

लोकांनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या. गॉर्डीने मान खाली घातली. एनिडबाईंनी रुमाल काढला.

आर्लिसबाई कॉफीची किटली घेऊन बरोबर वेन्डेलच्या मागे उभ्या होत्या. सगळ्या गावाने चिठ्ठी स्वतःला लावून घेतली आणि हा पठ्ठ्या तिच्याच जोरावर मतं मागतोय! त्या पुढच्या टेबलाकडे वळणार होत्या. पण पलीकडच्या काठावर लव्हॉन एकटीच जेवत असेल, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि तोंडातून शब्द निघून गेले.

"वेन्डेल, ती चिठ्ठी मी लिहिली. आणि ती तुझ्याबद्दल आहे."

त्या गावात भर जेवणात असं कोणी कोणाला म्हटल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं.

"तू वाईट नाहीस," बाई म्हणाल्या. "आईच्या पेटीला तू खांदा दिलास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण पूल नऊ वर्षं बंद आहे. पलीकडे माझी बहीण आहे, तिला दिसत नाही. पुढच्या वर्षी माझीही गाडी बंद होणार. तुला नऊ वर्षांत वेळ झाला नाही, वेन्डेल, आणि आमच्याकडे आणखी नऊ वर्षं नाहीत."

वेन्डेलने टेबलावरचा रुमाल घडी करून ठेवला. मग "हे जरा वेगळंच ऐकतोय," एवढं म्हणून खाली बसला आणि कप पुढे केला. बाईंनी तो भरला. कितीही झालं तरी पाहुण्याला कॉफी नाही म्हणायची नसते.

मग गॉर्डीने हळूच विचारलं, "म्हणजे माझ्याबद्दल नव्हती?" पाद्रीबुवांना हसू आवरेना, आणि मग एकेक करत सगळी पंगतच हसायला लागली. हसणं ओसरल्यावर गॉर्डी पुन्हा बोलला, आणि तो सहसा दोनदा बोलत नाही. "माझी गाय अडली होती," म्हणाला, "तेव्हा जनेल पाहणी करून परत नाही गेली. पहाटेपर्यंत गोठ्यात गुडघ्यावर बसली होती." त्यावर पंगतीत माना हलल्या.

मंगळवारी वेन्डेल एकशे अठरा मतांनी पडला. दुसऱ्याच दिवशी त्याने जनेलला स्वतः फोन करून शुभेच्छा दिल्या. माणूस चांगलाच होता, म्हटलं ना. पाद्रीबुवांनी राजीनामा परत नेला, गॉर्डीने किल्ल्या नेल्या, डेल्मर आरामखुर्चीत परतला. एनिडबाईंचे बूट तेवढे कोणी परत न्यायला सांगेना, कारण ऑर्गनवर बसवलेली नवी मुलगी भजनं जरा लवकर संपवत होती.

जानेवारीत जनेल एका इंजिनिअरला घेऊन पुलावर आली. फोटोवाला नव्हता. दोघांनी गुडघाभर बर्फात उभं राहून मोजमापं घेतली. येत्या उन्हाळ्यात चालणाऱ्यांसाठी वाट खुली करू, गाड्यांना आणखी वर्ष लागेल, असं तिने सांगितलं आणि तसं लिहूनही दिलं. पलीकडच्या काठावर लव्हॉन लाल टोपी घालून उभी होती आणि हात हलवत होती, जरा भलत्याच दिशेला. या काठावरून आर्लिसबाईंनी दोन्ही हात हलवले. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

त्याच आनंदात त्या महिनाअखेरीला चर्चच्या वार्षिक सभेला गेल्या. कॉफी झाली, हिशोब झाले आणि मग डार्लिन ओपडाल उठली. एकतीस वर्षं बाईंच्या हाताखाली बटाटे सोललेली ही डार्लिन. तिचे कान लाल झाले होते. तिने बाईंच्या पुढ्यात वड्यांची एक ताटली ठेवली.

"मी कोणाचं नाव घेत नाही," ती म्हणाली.

वड्यांवर एक चिठ्ठी होती. अक्षर ओळखीचं होतं, त्यांचं स्वतःचंच. आर्लिसबाईंनी चष्मा लावला आणि वाचलं: 'एकाच खुर्चीत इतकी वर्षं बसलं, की खुर्चीला माणसाचा आकार येतो...'

स्वयंपाकघराला नवी प्रमुख हवी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, असं पाद्रीबुवांनी खाली बघत सांगितलं. सगळे हात वर गेले. बाईंनी शेजारी पाहिलं, तर डेल्मरचाही हात वर!

"काय करणार," तो कुजबुजला. "चिठ्ठी पटण्यासारखी आहे."

आर्लिसबाईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. खोट काढायला जागा नव्हती. मग त्यांनीही हात वर केला.

वड्यांत खजूर कमी पडला होता, पण ते त्या कोणाला बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताटली धुतली, पुसली आणि डार्लिनकडे परत पाठवली. रिकामी पाठवायची नसते, म्हणून तिच्यावर स्वयंपाकघराची किल्ली ठेवली.