लाभार्थी कुटुंबाचे उत्पन्न वाढू न देण्याबाबत

घर ही माणसाची मूलभूत गरज आहे आणि करसवलत ही घर बांधणाऱ्याची. पहिली गरज भागवायची तर आधी दुसरी भागवावी लागते, हे ज्या खात्याने सर्वप्रथम ओळखले त्या खात्यात मी एकवीस वर्षे तपासनीस होतो. (थेट गरजूंनाच प्रोत्साहन देण्याचा प्रयोग आम्ही एकदा करून पाहिला होता. ते सगळे घरात जाऊन राहू लागले आणि खात्याला पुढे काही कामच उरले नाही.)

योजना अत्यंत उदार होती. जो विकासक अल्प उत्पन्न गटासाठी दोनशे चाळीस घरे बांधायला घेईल, त्याला शेजारच्या जागेत बेचाळीस मजल्यांचा मनोरा बांधायची परवानगी, सरकारी तिजोरीतून स्वस्त कर्ज आणि दहा वर्षे करमाफी. पूर्वीचे विकासक अशी घरे कागदावरच बांधून मोकळे होत. म्हणून आम्ही कडक अट घातली, की किमान एक गरजू कुटुंब प्रत्यक्ष राहायला आल्याखेरीज सवलत सुरू होणार नाही. 'किमान' या शब्दावर आमच्या तीन बैठका झाल्या होत्या. विकासकाने तो शब्द मनावर घेतला आणि एक घर बांधले.

घर उत्तम होते. तळमजल्यावर, दोनशे ऐंशी चौरस फूट. एक खिडकी, दृश्य: भिंत. उरलेली दोनशे एकोणचाळीस घरे प्रगतिपथावर होती, म्हणजे त्यांच्या जागी पत्र्याचे कुंपण होते. सोडतीत नाव निघाले ते एका फरशीवाल्याचे. त्या घराची फरशी त्यानेच बसवली होती आणि निकाल लागला तेव्हा तो आतच होता, त्यामुळे ताबा द्यायला वेळ लागला नाही.

फरशीवाल्याबरोबर त्याची आई आली आणि बायको आली. बायको रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. आधीच्या वस्तीत सोळा बिऱ्हाडांत एक न्हाणीघर होते. नव्या घरात पहिल्याच दिवशी ती न्हाणीघरात गेली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. सासूने घाबरून दार वाजवले. आतून ती म्हणाली, "काही नाही हो. नुसती बसलेय. बाहेर कुणी ओरडत नाही ना, म्हणून." हे मी अहवालात 'लाभार्थी समाधानी' असे नोंदवले.

सवलत सुरू झाली आणि मनोरा वाढू लागला. कायद्याने घर अल्प उत्पन्न गटासाठी होते. म्हणजे त्या तिघांचे दरडोई उत्पन्न ठरलेल्या रेषेच्या खाली असेपर्यंतच ते लाभार्थी. ते रेषेच्या वर गेले की घर गेले, घर गेले की सवलत गेली, सवलत गेली की कर्ज गेले आणि कर्ज गेले की बेचाळीस मजले. एवढी मोठी इमारत पायावर उभी नव्हती. ती फरशीवाल्याच्या मजुरीवर उभी होती.

एखाद्या गरिबाची इतकी काळजी घेतलेली मी नोकरीत दुसरीकडे पाहिली नाही. विकासकाचा करसल्लागार दर महिन्याला स्वतः येऊन क्षेमकुशल विचारी आणि पगाराची चिठ्ठी बघे. फरशीवाल्याला खोकला झाला तर कर्ज देणाऱ्या बँकेने डॉक्टर पाठवला. मनोऱ्यातल्या संगमरवराचे काम त्याला मिळू लागले, तेव्हा करसल्लागाराने त्याला जवळ बसवून सांगितले, की काम कर, पण बेताने कर. तोही बेताने करू लागला. दुपारनंतर हत्यारे धुऊन खिडकीशी बसून राही. हात चांगला होता त्याचा. बसवलेल्या फरशीवरून गोटी सोडली तर जागची हलत नसे. पण पाच वर्षे अर्धा दिवस बसून काढली की माणसाला तशी सवय होते. थोरल्या भावाने जुना फ्रीज पाठवला, तो करसल्लागाराने सुबत्तेचा पुरावा नको म्हणून परस्पर आपल्या घरी नेऊन ठेवला. फरशीवाल्याची आई करसल्लागाराला 'जावई' म्हणू लागली. जावई येतो, बघतो आणि नेतो, असे तिचे म्हणणे.

सहाव्या वर्षी बायकोला बढती मिळाली.

अकरा वर्षे धुलाईघरात काढल्यावर तिला मुकादमीण नेमल्याचे पत्र आले. पगारवाढ मोठी नव्हती, पण रेषेच्या चार बोटे वर जाईल एवढी होती. तिने पत्र घरी आणून नवऱ्याला दाखवले. त्याने ते दोनदा वाचले आणि घडी घालून परत दिले. दुसऱ्या दिवशी बैठक बसली.

बैठक त्याच घरात झाली. करसल्लागार, बँकेचा अधिकारी आणि खात्यातर्फे मी. खुर्च्या नव्हत्या. (दोनपेक्षा अधिक खुर्च्या आमच्या नियमात सुबत्ता समजल्या जात.) बँकेचा अधिकारी उपड्या बादलीवर बसला. करसल्लागाराने अभ्यास चांगला केला होता. पहिला पर्याय, बढती नाकारणे. दुसरा, बढती घेऊन पगार नाकारणे. तिसरा, नवराबायकोने कागदोपत्री वेगळे होणे. हे तिन्ही तिने मान हलवून बाजूला सारले, तेव्हा त्याने चौथा काढला: घरातली माणसे वाढली की दरडोई उत्पन्न आपोआप कमी होते. एखादे मूल झाले, तर पगारवाढ सहज जिरेल. बाळंतपणाचा खर्च विकासक करील.

खाटेवरून सासू म्हणाली, "जावईबापू, तुमच्या इमारतीला टेकू पाहिजे म्हणून माझ्या सुनेनं बाळंत व्हायचं?"

करसल्लागाराने हा मुद्दा विचारार्थ लिहून घेतला.

मग फरशीवाला बोलला. मला वाटले होते तो आमच्यावर भडकेल. तो बायकोकडे बघत होता. "आपण इथं बरे आहोत," तो म्हणाला. "एक पायरी वर गेलीस तर हे सगळं जातंय. खालीच राहू की."

मग तिने दोन्ही हात पुढे धरले. सोड्याने बोटांची कातडी पांढरी पडून सोलवटली होती. "अकरा वर्षं लोकांच्या चादरींवरचं रक्त धुतेय," ती म्हणाली. "आता त्याच चादरी नुसत्या मोजायचं काम देतायत. मी मोजणार. तुम्हाला खाली राहायचंय तर राहा. पण मला धरून ठेवू नका."

बैठक निष्फळ झाली, असे मी नोंदवले.

महिन्याभराने खात्याचे पत्र गेले. त्यात कुटुंबाचे हार्दिक अभिनंदन करून, आर्थिक उन्नतीच्या कारणास्तव तीस दिवसांत घर रिकामे करण्यास कळवले होते. वाढलेल्या पगारात त्यांना बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे भाड्याची खोली मिळाली. वाढ भाड्यात तंतोतंत गेली. आमच्या आकडेमोडीत इतकी अचूकता क्वचितच साधते. निघताना फरशीवाल्याने सगळी फरशी पुसली, मग गुडघ्यावर बसून एका कोपऱ्यावरून तळवा फिरवला. बायकोशी तो आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी ती पहाटेच्या पाळीला निघाली, तेव्हा डबा हातात घेऊन थांब्यापर्यंत चालत गेला आणि बस सुटेपर्यंत उभा राहिला. त्याच आठवड्यापासून तो पूर्ण दिवस काम करू लागला, असे नंतर कळले.

विकासकाचे काय झाले, ही चिंता वाचकांनी करू नये. योजनेमुळे लाभार्थी कुटुंब सहा वर्षांत गरिबीतून बाहेर पडल्याचा अहवाल मीच लिहिला. यशाचे प्रमाण शंभर टक्के भरले. विकासकाला 'उन्नती पुरस्कार' मिळाला आणि करमाफी आणखी पाच वर्षांनी वाढली. (मला चौदाव्या मजल्यावर घर मिळाले, पण ते निराळ्या योजनेत.)

अट फक्त एकच राहिली: नव्वद दिवसांत नवे कुटुंब. या वेळी खात्याने सोडत ठेवलेली नाही, मागचा अनुभव पुरे झाला. गरीब माणसाचा भरवसा नसतो. संधी मिळाली की तो वर चढतो. आम्हाला समजूतदार कुटुंब हवे आहे, म्हणून उत्पन्नाची रेषा बरीच वर सरकवून तुमच्यापर्यंत आणली आहे.

हे वाचताना, तिने ती बढती नाकारायला हवी होती, हातचे घर कुणी सोडते का, असे तुमच्या मनात एकदा तरी येऊन गेले असेल, तर बाकी कागदपत्रांची आवश्यकता नाही. अर्ज तळमजल्यावर मिळतो. रांग मोठी आहे. पण त्यात उभे असलेले कोणी तक्रार करत नाही.