कीबोर्डावरचा नारळ

खंडेनवमीच्या, म्हणजे हत्यारं-अवजारं पूजायच्या दिवशी सकाळी बडनेऱ्याच्या घरात कुलदीपनं संगणकावर कागद चिकटवला: ‘टेस्ट चालू आहे. कोणीही हात लावू नये.’ घरात माणसं दोन, त्यातला एक तो स्वतः. म्हणजे इशारा त्याच्या आईला, जमुनाबाईंनाच होता. वडील चंद्रभानजी सणासाठी वरूडहून यायचे होते.

‘शिवार’ नावाचा, पीकपाहणीचे फॉर्म भरायचा एक फुकट प्रोग्रॅम होता. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला. कोणीही वापरावा, कोणीही उघडून दुरुस्त करावा. ती वर्षंच अशी होती, की वऱ्हाडात पाऊस कमी आणि पाहण्या जास्त पडत. पण फॉर्म सगळा इंग्रजीत. मागल्या साली चंद्रभानजींची चारशे संत्र्याची झाडं वाळली आणि फॉर्मवर मात्र केळीची बाग आली. त्यांनी न वाचताच खाली सही ठोकली होती. तेव्हापासून गाव त्यांना ‘केळीवाले’ म्हणायला लागलं, आणि हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

म्हणून कुलदीपनं आठ महिने खपून अख्खा प्रोग्रॅम मराठीत आणला. संध्याकाळी पाचला ब्राझीलमधला प्रमुख नव्या आवृत्तीत भर घेणं बंद करणार होता. त्याआधी टेस्ट हिरवी आली तर मराठी आत, नाहीतर थेट पुढल्या वर्षी.

टेस्ट म्हणजे संगणकानं स्वतःच माऊस फिरवायचा, बटणं दाबायची, फॉर्म भरायचा आणि प्रत्येक पडदा साठवलेल्या बरोबर चित्राशी ताडून पाहायचा. नव्या दुरुस्तीनं जुनं काही मोडलं असेल तर तिथल्या तिथं लाल. पूर्ण व्हायला दीड तास.

टेस्ट सुरू करून कुलदीप वडिलांना घ्यायला स्टेशनवर गेला. परत येऊन पाहतो तर लाल! फॉर्मच्या ज्या पानावर संत्रा हवा, तिथं केळी आली होती. मॉनिटरवर झेंडूचं फूल आणि कुंकवाचं बोट होतं.

“माय, तू हात लावला काय?”

“नाही बाप्पा! कागद वाचला ना म्या. दुरूनच पूजा केली.”

फुलानं टेस्ट नापास होत नाही. त्यानं अकोल्याला हसनैनला फोन लावला. हसनैन जुन्या शहरात वडिलांच्या घड्याळाच्या दुकानात बसून याच प्रोग्रॅमवर काम करायचा.

“भाई, माह्याकडं तर सगळं हिरवं येऊन राहिलं,” हसनैन म्हणाला.

“मंग माह्याकडं केळ कुठून उगवलं?”

“जमीन चांगली असंल तुमची!”

कुलदीपनं फोन आपटला, टेस्ट पुन्हा लावली आणि आंघोळीला गेला, कारण आंघोळीशिवाय सणाचं ताट मिळणार नव्हतं. बाहेर आला तो पुन्हा लाल, पुन्हा केळी. आता मॉनिटरवर फुलं दोन होती. घरधनी आल्यावर त्याच्या हातची पूजा नको का, म्हणून चंद्रभानजींनीही उरकून घेतली होती.

“बाबा, तुमी तरी हात लावला?”

“कायले लावू? मले त्या डब्ब्याचं भेव वाटते. आपोआप बाण फिरते त्याच्यात.”

दोन वाजले होते. आठ महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत पाण्यात चालली होती आणि कुलदीपला अक्षरशः रडू येत होतं. तिसऱ्यांदा टेस्ट लावून तो खुर्चीत ठाण मांडून बसला. पाणी प्यायलाही उठेना.

तासाभरानं जमुनाबाई ताट घेऊन आल्या. “तुह्या हातची पूजा राहिली. कमावता तू, अन् तुह्याच हातची नाही!” असं म्हणत त्यांनी ताटातला नारळ उचलला आणि कीबोर्डाच्या उजव्या टोकाला नीट बसवला.

“माय!”

“काय झालं? हात कुठं लावला? नारळ ठेवला. सकाळी म्या ठेवला, मंग यायनं ठेवला, अन् पूजा झाली का उचलून ताटात!”

नारळ एंटरच्या बटणावर अंग टाकून बसला होता. पडद्यावर फॉर्मची पानं भराभरा उलटत होती. यादी ब्राझीलवाल्यानं केलेली, त्यामुळे पहिलं पीक केळी. एंटर दाबून धरलं की टेस्टनं संत्रा निवडायच्या आत केळी मंजूर, पुढचं पान मंजूर, ‘वाचून पाहिलं’ हेही मंजूर.

चंद्रभानजी पुढे झाले. “हेच! हेच केळ होतं माह्या फॉर्मवर!” मग त्यांना आठवलं. “तो फॉर्म भरणारा पोरगा कोपर टेकून मोबाईलवर बोलून राहिला होता!”

कुलदीपनं आईच्या पाया पडून कामाला हात घातला. यादीतलं पहिलं पीक आपोआप धरायचं नाही, पीक निवडल्याशिवाय पान पुढे सरकायचं नाही, एवढीच दुरुस्ती. मग त्या जागेपासून टेस्ट लावली, आणि या वेळी नारळ त्यानं स्वतः ठेवला.

“झालं काय रे? प्रसादाले फोडू?” जमुनाबाई दर दहा मिनिटांनी विचारत.

“थांब माय, तो कामावर आहे.”

पाचला बारा मिनिटं कमी असताना शेवटची ओळ हिरवी झाली. कुलदीपनं सगळी हकीकत लिहून पाठवली. ब्राझीलहून उत्तर आलं: ‘मराठी घेतली. नारळही कायमच्या टेस्टमध्ये घेतला.’ हसनैनचा फोन आला, “भाई, मले पण नारळ आणा लागते आता!”

दिवाळीनंतर वरूडला पुन्हा पाहणी निघाली. चंद्रभानजी रांगेत उभे राहिले. फॉर्म मराठीत निघाला. त्यांनी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. मागची रांग कुरकुरायला लागली.

“केळीवाले, उरका ना!” कोणीतरी ओरडलं.

चंद्रभानजींनी ‘संत्रा’ या शब्दावर बोट टेकवलं, रांगेला दाखवलं आणि सावकाश सही केली. पडद्यावर पुढच्याचा कोरा फॉर्म आला होता. मग पिशवीतून नारळ काढून फॉर्म भरणाऱ्या पोराच्या कीबोर्डावर, एंटरवर ठेवला.

“काका, हे काय करून राहिले?”

पान जागचं हललं नाही. पडद्यावर आलं, ‘आधी पीक निवडा.’

चंद्रभानजींनी नारळ पिशवीत टाकला. “चालते,” ते म्हणाले, “पुढच्याले बोलवा.”